पाचवी मिती म्हणजे दुसरं जग नव्हे

‘पाचव्या मितीत दुसरं जग आहे, विज्ञानानं ते सिद्ध केलंय,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो. गैरसमज होणं साहजिकच. शब्दच गूढ आहे.

मिती म्हणजे जागा नव्हे, मोजमापाची एक स्वतंत्र दिशा. खोलीतला दिवा नेमका कुठे, हे सांगायला तीन आकडे लागतात. कधी पेटला, हा चौथा. पाचवी मिती म्हणजे आणखी एक आकडा, इतकंच. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र मांडण्यासाठी 1921 साली ही कल्पना गणितात वापरली गेली.

ती पडताळता येते. अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण चौपट घटतं. अवकाशाला आणखी एक मोठी दिशा असती, तर ते आठपट घटलं असतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी अंतरावर मोजून पाहिलं, तरी घट चौपटच. त्याहून बारीक गुंडाळलेली, म्हणजे स्वतःवरच वळून बंद झालेली मिती असूही शकेल. तिथे राहायला मात्र कुणी जाणार नाही.