पेटीचा गंधार, गळ्याचा गंधार आणि वेबपान

खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून जी गाणी म्हणतात, ती पेटीवर (हार्मोनियमवर) वाजवली तर चाल ओळखू येते, पण काहीतरी निसटल्यासारखे वाटते. एक कारण उघड आहे. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीला मात्र एक पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते. दुसरे कारण म्हणजे पेटीच्या आणि गळ्याच्या स्वरांतला बारीक फरक; तो कानाला जाणवतो, पण शब्दांत सहज सांगता येत नाही. तो वर्गात समजावण्यासाठी आजवर तंबोरा, तो लावता येणारा शिक्षक आणि भरपूर वेळ लागत असे. आता चोपडा किंवा साक्रीसारख्या तालुक्याच्या गावातील शाळेतही हे काम एका वेबपानावर होऊ शकते.

समजा, षड्ज (सा) २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कंपनांचा आहे. त्याच्याशी ५:४ या प्रमाणात जुळणारा गंधार (ग) ३०० हर्ट्झचा होतो. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीत तोच स्वर सुमारे ३०२.४ हर्ट्झवर येतो. हे दोन गंधार एकत्र वाजवले, तर आवाज सेकंदाला साधारण अडीच वेळा फुगतो आणि ओसरतो. पंचमाच्या (प) बाबतीत मात्र ३६० आणि ३५९.६ इतकाच फरक असल्याने ही लाट अडीच सेकंदांतून एकदाच येते, म्हणून पेटीचा पंचम कानाला खटकत नाही आणि गंधार खटकतो. पानावर षड्जासोबत वाजणारा गंधार वरखाली करणारी एक सरकपट्टी ठेवून विद्यार्थिनीला एवढेच सांगावे, की आवाजाची थरथर थांबेपर्यंत ती सरकव. ती थांबते तेथे पडद्यावर ३०० हा आकडा असतो, आणि तो तिला कोणी सांगितलेला नसतो. ध्वनिमुद्रण कितीही उत्तम असले, तरी ते ऐकून हा शोध लागत नाही. त्यासाठी स्वर स्वतःच्या बोटाने हलवावा लागतो.

हे ज्यामुळे शक्य होते, त्या वेब ऑडिओ एपीआयला (ब्राउझरमध्येच आवाज तयार करण्याच्या सोयीला) वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १७ जून २०२१ रोजी अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. ब्राउझरांमध्ये ते त्याच्या कितीतरी आधीपासून होते. त्याची रचना मांडवातल्या साउंडवाल्याच्या जोडणीसारखी आहे: स्वर निर्माण करणारा भाग, आवाज कमीजास्त करणारा भाग, गाळणी आणि शेवटी स्पीकर, हे सारे एकमेकांना जोडायचे. स्वर फोनमध्येच तयार होतो. एका मिनिटाच्या असंकुचित स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला सुमारे १० मेगाबाइट लागतात, तर असे पान काही किलोबाइटमध्ये मावते. ते फोनमध्ये साठवून ठेवण्याची सोय केली, तर एकदा उघडल्यानंतर नेटवर्क नसतानाही चालते. धडगावच्या डोंगरात ही गोष्ट किरकोळ नाही.

मायक्रोफोनकडे वळले की काम अवघड होते. ब्राउझरमधील नेहमीचे वारंवारता-विश्लेषण (आवाजात कोणते स्वर किती आहेत याची मोजणी) लहरीची २०४८ मोजमापे, म्हणजे नमुने, घेते आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने दर २१.५ हर्ट्झला एक कप्पा पाडते. आपल्या षड्जापासून कोमल ऋषभ (रे) जेमतेम १५ हर्ट्झवर असल्याने दोघे एकाच कप्प्यात पडू शकतात. म्हणून गळ्याचा स्वर ओळखताना ध्वनिलहर थोडी थोडी सरकवून तिची स्वतःशीच तुलना करतात. ज्या अंतरावर ती पुन्हा जुळते, त्यावरून वारंवारता मिळते. आणखी एक खाचखळगा असा, की फोनमधील गोंगाट आणि प्रतिध्वनी कमी करण्याची सोय बोलण्यासाठी बनवलेली असते. लांबवलेला षड्ज तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटू शकतो आणि ती तो दाबून टाकते. पान तयार करणाऱ्याने ती सोय बंद करण्याची विनंती ब्राउझरला केली नाही, तर उत्तम गाणारी मुलगीही पडद्यावर तुटक दिसते.

तालासाठी ब्लूटूथचे हेडफोन वापरू नयेत, कारण त्यांतील विलंबाने ठेका हाताच्या मागे पडतो. डग्ग्याचा खर्जही फोनच्या इवल्याशा स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. तारेचे साधे इअरफोन त्याहून बरे.

तयार मिळणाऱ्या बहुतेक पानांवर पियानोच्या पट्ट्या आणि बारा समान भाग गृहीत धरलेले असतात. ते बदलणे म्हणजे कोष्टकातील बारा आकडे बदलणे, इतके सोपे आहे. पण आखाजीचे गाणे शिकवताना तेवढ्याने भागत नाही असे मला वाटते. एखाद्या आजीने म्हटलेल्या ओळीचा आलेख काढला, तर तिचा गंधार ३००च्या रेषेवर बसेलच असे नाही, आणि दोन स्वरांमधील वळणाला तर आकडाच नसतो. अशा वेळी पडद्यावरची संदर्भरेषा गणितातून काढण्याऐवजी आजीच्या गाण्यातून घ्यावी आणि नातीला त्या वळणावरून आपली रेषा न्यायला सांगावे.