डीम लाईन ते तुटलेला न्यूट्रल: नागपूरच्या कूलर-एसीमागची व्होल्टेजची कहाणी

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास जुना फ्रिज जे बोलतो, ते आमच्या पिढीतल्या नागपूरकरांना पाठ आहे. कॉम्प्रेसर उठायला बघतो, घुरघुरतो, सात-आठ सेकंद तसाच अडकून राहतो आणि ‘टक’ असा आवाज होऊन गप्प बसतो. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घुरघुर, पुन्हा टक. मानेवाड्याच्या आमच्या घरी आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “लाईन डीम झाली रे, फ्रिज बंद कर!” लाईन डीम म्हणजे व्होल्टेज उतरलेले. ती ‘टक’ म्हणजे कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटलेला ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. करंट वाढून ती तापली की वाकते आणि सर्किट तोडते. दुपारभर असे चाळीस-पन्नास वेळा झाले की एके दिवशी पट्टी चिकटून बसते आणि वाइंडिंग जळते. आईला यातले काही माहीत नव्हते, तरी तिचा हुकूम शंभर टक्के बरोबर होता.

या शहरात थंडावा ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवायचे. मागे राहिलेल्यांना वाळ्याच्या ताट्यांचा आधार. दारा-खिडक्यांना ताट्या बांधायच्या, त्यांवर पाणी मारत राहायचे. हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडते आणि आत येणारा वारा गार होतो. पुढे लोखंडी पत्र्याचा कूलर आला, त्यात तत्त्व तेच राहिले. ताटीच्या जागी खसची जाळी, पाणी मारणाऱ्या हाताच्या जागी छोटा पंप आणि वाऱ्याच्या जागी पंखा. फरक एवढाच पडला की ताटीला वीज लागत नव्हती. कूलर आल्यापासून शहराचा गारवा विजेच्या तारेला टांगला गेला.

वीज शहरात आधीच आली होती. नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी या खासगी कंपनीकडे इथला पुरवठा होता. स्वातंत्र्यानंतर नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी, मग मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. खापरखेड्याचे जुने वीज केंद्र १९५० च्या दशकातले, तर कोराडीचा पहिला संच १९७४ सालचा. दोन्ही केंद्रे शहराच्या अगदी उशाला आहेत. कोराडीच्या चिमण्या उत्तर नागपुरातल्या गच्च्यांवरून दिसतात. म्हणून लोक तेव्हाही विचारायचे आणि आजही विचारतात, “वीज इथं बनते, मग आमच्याकडं लाईन डीम का येऊन राहिली?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र वीज केंद्रात शोधून सापडत नाही. ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या तारेत आहे.

आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट घेतो आणि लोड नसताना ४३३ व्होल्ट देतो. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यामध्ये मोजले तर हे २५० व्होल्ट होतात. मुद्दामच थोडे जास्त ठेवलेले असतात, कारण वाटेत काही गळणार हे धरलेलेच असते. जुन्या लाईनवर जी बारीक ॲल्युमिनियमची तार असायची, तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ०.९ ओहम. डीपीपासून ४०० मीटरवरच्या घरांनी मिळून ६० अँपिअर ओढले, तर एकट्या फेजच्या तारेत साधारण २२ व्होल्ट जिरतात. तिन्ही फेजवर लोड सारखा नसेल, तर न्यूट्रलमध्येही तसेच काही जातात. त्यात तार उन्हात तापलेली. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ज्या दुपारी सगळ्यांचे कूलर एकदम चालू असतात, नेमक्या त्याच दुपारी तारही सर्वांत कमकुवत असते. शिवाय ११ हजारांच्या बाजूलाही लोड असतो, त्याची घट वेगळीच.

यामुळे एकाच गल्लीत दोन तऱ्हेची घरे तयार झाली. डीपीजवळचे घर रात्री दोनला २५० व्होल्ट खाणार आणि लाईनच्या शेवटचे घर दुपारी १८० वर कण्हणार. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ५४ व्या नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा सहा टक्क्यांहून जास्त वर-खाली जायला नको होता. २३० धरले तर २१६ ते २४४. आमच्या घरी उन्हाळ्यातल्या दुपारी काटा २१६ ला शिवलेला मला आठवत नाही.

तो काटा होता बूस्टरवरचा. स्टॅबिलायझर घरोघरी येण्याआधीचे हे यंत्र आता भंगारातही दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पत्र्याचा राखाडी डबा, समोर गोल व्होल्टमीटर आणि त्याखाली पाच-सहा घरांची फिरवायची मूठ. आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर), त्या वाइंडिंगमधून ठिकठिकाणी निघालेले जोड म्हणजे टॅप. मूठ एक घर पुढे सरकवली की काटा पंधरा-वीस व्होल्ट वर. लाईन १८० ची असली तरी बाबा तो २२० वर आणून ठेवायचे आणि मग कूलरचा पंखा घोंगावू लागायचा. घरात येणारा पाहुणा चप्पल काढताना विचारायचा, “किती दाखवून राहिला आज?”

या यंत्राचा दोष एवढाच की ते आपणहून खाली यायचे नाही. रात्री अकरानंतर दुकाने बंद, कूलर कमी झालेले, लाईन आपोआप २४० वर चढलेली. मूठ मात्र दुपारच्याच घरात. १८० ला चाळीस देणारे घर २४० ला पन्नासच्या वर देते, म्हणजे २९० च्या पुढे. आमच्याकडे एका रात्री दोन बल्ब आणि पंपाची मोटर अशीच गेली. झोपण्याआधी मूठ मागे घ्यायची हे बाबांनी त्यानंतर दिव्याखाली भिंतीवर लिहून ठेवले होते.

हीच मूठ रिलेने (विजेवर आपोआप चालणाऱ्या स्विचने) फिरवायची कल्पना म्हणजे ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी हे काम खूप आधी झाले होते. जर्मनीत बर्नहार्ड यान्सेन यांनी १९२७ मध्ये चालू लोडवर टॅप बदलण्याची पद्धत शोधली. अमेरिकेत जोसेफ सोला यांनी १९३८ मध्ये टॅप न बदलता व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर काढला. आपल्या प्रयोगशाळांत आणि संगणकांच्या खोल्यांत त्याला सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) म्हणायचे. तो जड, गरम आणि घुंई आवाज करणारा होता. घरगुती बाजार उघडला तो रिलेवाल्या हलक्या डब्यांनी. भारतात १९५८ मध्ये गोदरेजचा फ्रिज निघाला. फ्रिज आणि टीव्ही मध्यमवर्गात पसरले तसे स्टॅबिलायझर त्यांच्यामागून आले. केरळमधली व्ही-गार्ड कंपनी १९७७ मध्ये सुरू झाली ती स्टॅबिलायझर बनवायलाच. नागपुरात तर गल्लोगल्लीचे मेकॅनिकही स्टॅबिलायझर भरून द्यायचे. ‘भरून’ म्हणजे ग्राहकाच्या घरची लाईन किती पडते ते विचारून तसे टॅप काढून. सीताबर्डीतला आमचा ओळखीचा मेकॅनिक वाइंडिंग करताना बाबांना म्हणाला होता, “भाऊ, एकशे चाळीसपासून उचलतो याला. एकदा लावा आन् विसरून जा.”

इथे गरम करणारी आणि थंड करणारी यंत्रे यांतला फरक सांगायला हवा, कारण व्होल्टेज त्यांना उलट्या टोकांनी मारते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. २३० चे १७० झाले की कॉम्प्रेसर सुरू करणारा जोर साधारण ५५ टक्क्यांवर येतो. तो उठू शकत नाही आणि नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढत जागीच तापतो. पंख्याचे तसे नाही. वेग कमी झाला की हवेचा भारही कमी होतो, म्हणून कूलरचा पंखा डीम लाईनवर मंद फिरत दुपार काढतो. गिझर आणि रूम हीटरला कमी व्होल्टेजने काहीच होत नाही, फक्त पाणी उशिरा तापते. त्यांना मारते ते जास्त व्होल्टेज. २००० वॉटचा गिझर २७० व्होल्टवर साधारण २७५० वॉट ओढतो. आणि नागपूरची थंडीही हलकी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांवर आला होता. हिवाळ्याच्या रात्री लोड कमी आणि लाईन चढलेली असते. गिझरचे एलिमेंट जानेवारीत जास्त का जातात, याचे एक कारण हे.

दाभोळचा वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली आणि राज्यात हजारो मेगावॉटची तूट पडली. भारनियमन आले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या, तेव्हा नागपूरकर लाईन जाण्याच्या वेळा पाठ करत होते. भारनियमनाने एक वेगळीच इजा दाखवून दिली. वीज जाते तेव्हा फारसे बिघडत नाही, बिघडते ती येते तेव्हा. दोन तास बंद असलेली सगळ्या वस्तीची यंत्रे एकाच क्षणी उठतात, प्रत्येक मोटर सुरुवातीचा कैकपट करंट मागते, आणि व्होल्टेज आपटते. त्यात लाईन पाच सेकंद जाऊन लगेच आली तर आणखी वाईट. एसीच्या नळ्यांत गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो. त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर फिरूच शकत नाही. तो दाब समपातळीला यायला सुमारे तीन मिनिटे लागतात. आईचा “पाच मिनिटं थांब” हा नियम यंत्रात उतरला तो टाइम डिले म्हणून, म्हणजे वीज आल्यावर काही मिनिटे थांबूनच यंत्र जोडणारी सोय. माझ्या मते स्टॅबिलायझरच्या डब्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच. ट्रान्सफॉर्मर त्याच्यापुढे दुय्यम.

भारनियमन ओसरले. शहराच्या तीन विभागांचे वितरण २०११ ते २०१९ या काळात खासगी फ्रँचायझीकडे राहून पुन्हा महावितरणकडे आले. डीपी वाढले, बारीक तारांच्या जागी अनेक भागांत जाड केबल आली. दुपारची लाईन आता पूर्वीसारखी १६०-१७० ला जात नाही. एसीही बदलले. इन्व्हर्टर एसी आधी आलेल्या विजेचे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतो, मग त्यातून हव्या त्या वेगाने कॉम्प्रेसर फिरवतो. त्यामुळे सुरुवातीचा झटका जवळपास नाहीसा झाला आणि खोक्यावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे छापून येऊ लागले.

ते छापलेले वाक्य कमी व्होल्टेजपुरते बव्हंशी खरे आहे. पण कमी व्होल्टेज हा कालचा आजार झाला. आजचा आजार वरच्या बाजूला आहे आणि लोक अजून जुन्याच आजाराचे औषध विकत घेत आहेत.

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात झाडाची फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की एका फेजवरची घरे आणि दुसऱ्या फेजवरची घरे एकमेकांना जोडली जाऊन ४०० व्होल्टवर लटकतात. ज्या बाजूला लोड कमी, तिच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. शेजारच्या काकूंकडे त्या वेळी फक्त एक एलईडी दिवा आणि स्टँडबायवर असलेला एसी होता. समोरच्या घरी गिझर आणि इस्त्री. काकूंच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमधून फटाक्यासारखा आवाज आला. कव्हर उघडले तेव्हा पीसीबीवरच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवरच्या) दोन मोठ्या कपॅसिटरची टोपणे फुगून फाटलेली होती आणि आत कागदाचा ओला चिवडा झालेला होता. कारण सरळ आहे. हे कपॅसिटर सहसा ४५० व्होल्टचे असतात. घरात येणाऱ्या २३० व्होल्टच्या लाटेचे शिखर ३२५ असते, तिथे ते सुखात. तेच व्होल्टेज ३५० च्या वर गेले की शिखर जवळपास ५०० होते आणि त्यांचा निभाव लागत नाही. काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “अगं, एसी तर बंदच होता!” रिमोटने बंद होता, भिंतीवरचा स्विच चालूच होता.

आता छतांवरचे सौर पॅनेल यात भर घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना जाहीर झाली आणि आमच्या भागात गच्च्या निळ्या झाल्या. चांगलेच आहे. पण एप्रिलच्या सकाळी अकराला, कूलर पुरते लागायच्या आधी, त्याच तारेत वीज उलट दिशेने ढकलली जाते आणि लाईनच्या टोकाचे व्होल्टेज उतरण्याऐवजी चढते. टोकाचे घर, जे चाळीस वर्षे डीम होते, तेच आता कधी कधी २५५ दाखवते.

म्हणून नवा स्टॅबिलायझर घेताना मी आता आधी हाय-कट, म्हणजे वर किती व्होल्टला तो वीज तोडतो, ते विचारतो. मेन बोर्डावर एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर त्याहून बरा, कारण तो न्यूट्रल तुटताच अख्ख्या घराची वीज तोडतो आणि लाईन ठीक झाल्यावर ठरवलेला वेळ थांबूनच जोडतो. पत्र्याच्या कूलरच्या शॉकपासून मात्र यांतले काहीच वाचवत नाही. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, बहुतेकदा चालू कूलरमध्ये पाणी भरताना.

गेल्या महिन्यात बर्डीवर दुकानदाराने पहिला प्रश्न तोच केला, “काका, तुमच्याकडं लाईन किती पडते?” मी म्हटले, “पडत नाही आता. वर कितीला कापतो ते सांगा.” त्याने डबा उलटा केला, मागची पट्टी वाचली, मग आतल्या पोराला हाक मारून दुसरा डबा आणायला सांगितले.