इराक युद्धाला सगळेच अमेरिकी उजवे पाठीशी होते का?

‘अमेरिकेतले उजवे म्हणजे युद्धखोर, इराकवर चाल करायला ते सगळे एका सुरात तयार होते,’ असं वीस वर्षांहून अधिक काळ ऐकू येतं. हे अर्धसत्य आहे आणि ते खोडायलाच हवं.

रिपब्लिकन पक्षाचा मोठा भाग राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यामागे उभा होता, यात वाद नाही. पण १५ ऑगस्ट २००२ रोजी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये सद्दामवर हल्ला करू नका, असं बजावणारा लेख आला. लिहिणारे होते ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, थोरल्या बुश यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आणि हवाई दलाचे निवृत्त जनरल. सद्दामचा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांशी संबंध असल्याचे पुरावे तुटपुंजे आहेत आणि या युद्धामुळे दहशतवादाविरुद्धची मोहीमच भरकटेल, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. घरच्याच माणसाचा इशारा होता तो!

त्याच वर्षी उजवे भाष्यकार पॅट ब्यूकॅनन यांनी युद्धविरोधी उजव्यांचं नियतकालिक सुरू केलं. इराकवर लष्करी कारवाईची परवानगी देणाऱ्या ठरावावर ऑक्टोबरमध्ये झालेल्या मतदानात प्रतिनिधीगृहातल्या सहा रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. त्यांतले रॉन पॉल, जॉन डंकन आणि जॉन हॉस्टेटलर तर पक्के उजवे. उलट सिनेटमध्ये २९ डेमोक्रॅट्सनी युद्धाच्या बाजूने मत दिलं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

ही परंपरा जुनीच आहे. १९४९ मध्ये ‘नाटो’ कराराविरुद्ध मत देणारे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट हे त्या काळच्या अमेरिकी उजव्यांचे अग्रणी होते.