पीएचडीच्या रिक्त जागा: संकेतस्थळावरच्या आकड्यामागचा इतिहास

पेटचा (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की ठाणे, कल्याण, नवी मुंबईतले इच्छुक मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘मार्गदर्शकनिहाय रिक्त जागा’ ही यादी शोधतात. पंधरा दिवसांनी त्याच यादीतला आकडा बदललेला दिसला की कुणाची तरी वर्णी लागल्याची चर्चा सुरू होते. वशिला चालतच नाही असे कुणी म्हणणार नाही. पण आकडा हलण्याचे नेहमीचे कारण वेगळे आहे: जागा नेमकी केव्हा रिकामी झाली, याबद्दल एकवाक्यता नाही.

२००९ आधी जागा जाहीर करण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. आधी गाइड (मार्गदर्शक) गाठायचा, त्याचा होकार मिळवायचा, मग आराखडा आणि मान्यता समिती. कुणाकडे जागा आहे हे विभागात ऊठबस असलेल्यांनाच कळे. ठाण्यात किंवा पनवेलला नोकरी करणाऱ्याने त्यासाठी कालिन्याला, विद्यापीठाच्या परिसरात, खेटे घालायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी एका गाइडकडे एका वेळी पीएचडीचे ८ आणि एमफिलचे ५ अशी मर्यादा घातली आणि जागांची संख्या आधी ठरवून संकेतस्थळावर किंवा जाहिरातीने कळवायला सांगितले. या ‘किंवा’मुळे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर भागून जात असे. २०१६ मध्ये दोन्ही सक्तीचे झाले: संकेतस्थळ, शिवाय किमान दोन राष्ट्रीय दैनिके, त्यांतले निदान एक प्रादेशिक भाषेतले. वर्तमानपत्रातली जागा चौरस सेंटिमीटरने विकत घ्यावी लागते. त्यामुळे छापील जाहिरात ‘सविस्तर तपशील संकेतस्थळावर’ इतकीच उरली आणि विषयवार जागा, निकष, परीक्षा केंद्रे असा सारा भार वेबपानावर आला.

२०१६ च्याच विनियमांनी पदानुसार मर्यादा ठरवली: प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. २०२२ मध्ये एमफिल बंद झाले, हे आकडे मात्र तसेच राहिले. वरकरणी हिशेब वजाबाकीचा आहे. मर्यादेतून चालू विद्यार्थी वजा केले की जागा निघाली. गाठ पडते ती ‘चालू’ कुणाला म्हणायचे इथे.

विद्यार्थी सिनॉप्सिस (प्रबंधाचा गोषवारा) देतो, मग प्रबंध सादर करतो, मग परीक्षकांचे अहवाल येतात, व्हायवा (तोंडी परीक्षा) होतो आणि शेवटी पदवीची अधिसूचना निघते. यांपैकी कोणत्या टप्प्यावर गाइडची जागा मोकळी धरायची? विनियम ‘एका वेळी’ एवढेच म्हणतात. एक पक्ष म्हणतो, प्रबंध सादर झाला की मार्गदर्शन संपले, जागा द्या. दुसरा म्हणतो, परीक्षकाने दुरुस्त्या सांगितल्या तर त्या गाइडच करून घेणार, म्हणून अधिसूचनेपर्यंत थांबा. मूल्यमापन सहा महिन्यांत पुरे करण्याचा नियम आहे, पण बाहेरच्या परीक्षकाने अहवाल रखडवला की जागाही रखडते. चार विद्यार्थी असलेल्या सहायक प्राध्यापकाच्या दोघांनी प्रबंध दिले असतील, तर एका मोजणीने त्याच्याकडे दोन जागा, दुसरीने शून्य. विभागात असे पाच गाइड असले की फरक दहा जागांचा. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. गोंधळ वाढतो तो विभागाने एक पद्धत आणि पीएचडी कक्षाने दुसरी धरली की. आमच्या मते प्रबंध सादर झाल्याची तारीख हाच टप्पा धरावा. ती पावतीवर असते आणि तिच्याबद्दल वाद घालता येत नाही. ते मान्य नसेल तर निदान ‘अमुक तारखेची स्थिती’ ही ओळ यादीच्या डोक्यावर हवी. ती ओळ नसलेल्या याद्या आजही सर्रास दिसतात.

जागा कमी करणारी आणखी दोन कारणे यादीत दिसत नाहीत. २०२२ च्या विनियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. अनुदानित महाविद्यालयात निवृत्तीचे वय ६० आहे. म्हणजे सत्तावन्नी उलटली की नाव यादीत राहिले तरी जागा नसते. दुसरे महाविद्यालयीन संशोधन केंद्रांचे. २०१६ च्या विनियमांनी तिथल्या विभागात किमान दोन पीएचडीधारक शिक्षक असण्याची अट घातली. जिल्ह्यातल्या लहान विभागांत दोघांपैकी एक निवृत्त झाला आणि पद तासिका तत्त्वावर भरले गेले, की उरलेल्या गाइडच्या जागा कागदावर राहून प्रत्यक्षात गोठतात.

आरक्षणाचा पेच याच मोजणीतून येतो. अनुसूचित जातींसाठी राज्यात १३ टक्के आरक्षण आहे. एका गाइडच्या एका जागेचे १३ टक्के निघत नाहीत. म्हणून आरक्षण विषयाच्या एकूण जागांवर लावावे लागते आणि कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे मुलाखतीच्या सुमारास ठरते. उमेदवार मात्र गाइडच्या नावासमोरचा आकडा पाहून अर्ज करतो. विषयवार प्रवर्गनिहाय तक्ता आणि गाइडनिहाय तक्ता एकाच फाइलमध्ये लागोपाठ द्यावेत. वेगवेगळ्या दुव्यांवर टाकले की पहिला कुणी उघडत नाही.

संशोधन प्रकल्पातले जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे) पद ही पूर्ण निराळी गोष्ट, तरी ती याच पानावर येऊन बसते. ते पद प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते, मानधन प्रकल्पातून मिळते आणि त्यावर निवड झाल्याने पीएचडीची नोंदणी होत नाही. जाहिरातीत हे एका वाक्यात लिहिलेले नसले की रुजू झालेला उमेदवार वर्षभराने पेटचा फॉर्म भरताना सापडतो.

ठाणे-नवी मुंबईत भर पडते ती संकेतस्थळांच्या संख्येची. ठाण्यातल्या बाळकुमच्या उपपरिसराची माहिती मुख्य विद्यापीठाच्या पानावर, नेरुळ-कामोठ्याच्या अभिमत विद्यापीठांची त्यांच्या त्यांच्या पानांवर, आणि मुख्यालय बाहेरगावी असलेल्यांची तिकडच्याच पानावर. त्यात स्कॅन केलेली पीडीएफ शोधात येत नाही, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तर अजिबातच नाही. शुद्धिपत्रक त्याच नावाच्या फाइलवर चढवले की मूळ यादी पुसली जाते आणि आधी काय होते हे माहिती अधिकारात अर्ज टाकूनच कळते. नवी फाइल, नवी तारीख, जुनी फाइल जागेवर: एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात.

मार्च २०२४ मध्ये पीएचडी प्रवेशासाठी नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण वापरण्याची सूचना आली आणि यादीला वेळेचे बंधन लागले. नेटचे निकाल तीन गटांत लागू लागले: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएचडीसाठी पात्र, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी नेटला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार ठरला आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य. काही विद्यापीठांनी आपली पेट सोडली, काहींनी ठेवली. त्याच वर्षी १८ जूनची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली आणि निकाल ऑक्टोबरमध्ये आला. तोवर जुलैत सत्र धरून केलेली वेळापत्रके कोलमडली होती. आता रिक्त जागांची यादी निकालानंतर तेराव्या महिन्यात लागली, तर जेआरएफ नसलेल्या नेटवाल्यांचे गुण बाद झालेले असतात. म्हणून सूचनेत अर्जाची शेवटची तारीख देऊन भागत नाही. गुणांची ग्राह्यता कोणत्या तारखेला तपासणार, अर्जाच्या की मुलाखतीच्या, हेही तिथेच लिहावे लागते.