पार्श्वभूमी : पृथ्वीची गिरकी आणि लीप सेकंदाचा वाद

घड्याळात अधूनमधून एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घालण्याची पद्धत 2035 पर्यंत थांबवायची, असा ठराव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर 2022 मध्ये केला. संगणकवाल्यांची एक डोकेदुखी गेली, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. पण ही डोकेदुखी मुळात आली कुठून, हे फिरणाऱ्या वस्तूंच्या भौतिकशास्त्रात शिरल्याशिवाय कळत नाही.

स्केटरने हात अंगाशी घेतले की गिरकी का वाढते, हे शाळेतच होऊन जातं. तिथे जरा निसटतं ते असं, की जपला जातो तो कोनीय संवेग (वस्तुमान, त्याचं अक्षापासूनचं अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा एकत्र हिशेब), फिरण्याचा वेग मात्र बदलत राहतो. वस्तुमान अक्षाकडे सरकलं की वेग वाढतो, दूर गेलं की घटतो. बाहेरून कोणी ओढ लावली तर संवेगसुद्धा हातचा जातो. पृथ्वीच्या बाबतीत हे सगळं एकाच वेळी चालू असतं.

जुना इतिहास थोडक्यात. ग्रह सूर्याभोवती फिरताना समान वेळात समान क्षेत्रफळ आक्रमितात, हा नियम 1609 मध्ये छापला गेला. कोनीय संवेग टिकतो हेच त्यात वेगळ्या रूपात होतं. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावत असणार, असं एका जर्मन तत्त्वज्ञाने 1754 मध्ये मांडलं. त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी चंद्राच्या गतीचं गणित जुळेना, तेव्हा 1865 मध्ये एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तेच कारण पुढे केलं. पृथ्वी जो संवेग गमावते तो चंद्राच्या खात्यात जमा होतो, म्हणून चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटीमीटर दूर जातो. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परतवून हे मोजलेलं आहे. सगळ्यात बोलका पुरावा मात्र मातीच्या पाट्यांवर आहे. इसवी सनपूर्व 136 मध्ये बॅबिलॉनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. दिवसाची लांबी तेव्हापासून आजच्याइतकीच होती असं धरून गणित केलं, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलॉनच्या जवळजवळ पन्नास अंश पश्चिमेला पडायला हवी होती.

वादळांचा हिशेबही याच वहीत आहे. केंद्राकडे ओढली जाणारी हवा स्केटरच्या हातांसारखी आत येते आणि वेग घेते. पण सुरुवातीची फिरकी तिला पृथ्वीच्या परिवलनातून मिळते, आणि विषुववृत्तावर जमिनीला समांतर वाहणाऱ्या वाऱ्यासाठी ती शून्य होते. म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाचेक अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळं क्वचितच जन्मतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे जोरात आले की हवेने घेतलेला संवेग जमिनीच्या खात्यातून वजा होतो आणि दिवस किंचित लांबतो. ऋतूंनुसार होणारा हा फरक 1930 च्या दशकात घड्याळांच्या पकडीत आला. 1983 च्या सुरुवातीला, मोठ्या एल निनोच्या (प्रशांत महासागराचं पाणी तापून वारे बदलतात त्या) वेळी, दिवस जवळपास एका मिलिसेकंदाने लांबला होता.

तोवर सेकंद म्हणजे सरासरी सौर दिवसाचा 86,400 वा भाग होता. मोजपट्टीच लहानमोठी होते हे कळल्यावर ती बदलणं आलंच. 1955 मध्ये इंग्लंडमध्ये सीझियम या धातूच्या अणूंवर चालणारं पहिलं भरवशाचं अणुघड्याळ चालू झालं आणि 1967 मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या प्रारणाच्या 9,192,631,770 आवर्तनांवर बांधली गेली.

सगळा घोळ या आकड्यात आहे. तो निवडताना अणूचा सेकंद खगोलशास्त्रज्ञांच्या तेव्हाच्या सेकंदाशी जुळवला. तो सेकंद ज्या गणितातून आला होता, त्याला अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांचा आधार होता. परिणामी आपला ‘आधुनिक’ सेकंद साधारण 1820 च्या सुमाराच्या दिवसाला बेतलेला निघाला. 1970 च्या सुमाराला प्रत्यक्ष दिवस त्याहून दोन-तीन मिलिसेकंद मोठा होऊन बसला होता. रोज तीन मिलिसेकंद उरले की वर्षभरात एक सेकंद साचतो. लीप सेकंद घालावे लागतात म्हणजे पृथ्वी वर्षाला एका सेकंदाने मंदावते, हा समज अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. मंदावण्याचा दर शतकाला जेमतेम पावणेदोन मिलिसेकंद आहे. साचत जातो तो आधीच पडलेला फरक.

1972 मध्ये तडजोड झाली. सेकंद अणूचा, पण घड्याळ आणि पृथ्वी यांच्यात 0.7 (पुढे 0.9) सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. तशी वेळ आली की एक सेकंद घालायचा. सेक्स्टंटने (कोन मोजायच्या उपकरणाने) तारे पाहून जहाज हाकणाऱ्यांचा विचार त्यात मोठा होता. विषुववृत्तावर वेळेत एका सेकंदाची चूक म्हणजे जागेत साडेचारशे मीटरहून जास्त. 1979 संपेपर्यंतच्या आठ वर्षांत नऊ सेकंद घातले गेले. 1998 च्या अखेरीनंतर मात्र सात वर्षं एकही लागला नाही. हा लहरीपणा संगणकांना मानवेना. जून 2012 च्या सेकंदाने अनेक सेवा अडखळल्या, विमान आरक्षणाच्या यंत्रणासुद्धा.

रद्द करण्याची चर्चा त्याआधीच, शतकाच्या सुरुवातीला, दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत सुरू झाली होती. 2012 मध्ये निर्णय लांबला, 2015 मध्ये पुन्हा लांबला. ब्रिटनने बराच काळ विरोध केला. रशियाची अडचण व्यावहारिक होती: त्यांची दिशादर्शक उपग्रहयंत्रणा लीप सेकंद धरूनच चालते, अमेरिकेची तो धरत नाही. विरोधकांना ‘सूर्याला कवटाळून बसलेले’ म्हणून मोडीत काढणं सोपं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर कोणी दिलं असं मला वाटत नाही. फरक साचू द्यायचा तर किती? 2022 च्या ठरावाने किमान शतकभर व्यत्यय येणार नाही अशी नवी मर्यादा शोधायला सांगितलं. ती मर्यादा किती, हे पुढच्यांवर सोडलं. आज एक सेकंद झेपत नाही म्हणून उद्याच्या लोकांना साचलेला अख्खा मिनिट सांभाळायला लावायचा, यात धोरण कमी आणि टाळाटाळ जास्त दिसते.

घाईचं दुसरं कारण पृथ्वीनेच पुरवलं. शेवटचा सेकंद 2016 च्या 31 डिसेंबरला घातला गेला, तो सत्ताविसावा. त्यानंतर 2020 पासून दिवस उलट आखूड होऊ लागले. 29 जून 2022 चा दिवस 86,400 सेकंदांपेक्षा 1.59 मिलिसेकंदांनी लहान भरला, 5 जुलै 2024 चा 1.66 मिलिसेकंदांनी. खोल द्रवरूप गाभा मंदावला की वरचं प्रावरण आणि कवच वेग घेतात, आणि तसंच होत असावं असं मानलं जातं. हे असंच चाललं तर सेकंद काढून टाकावा लागेल. ऋण लीप सेकंद आजवर एकदाही आलेला नाही, त्यामुळे कोणतीही यंत्रणा त्यातून प्रत्यक्ष गेलेली नाही.

इथे स्केटर परत येते, या वेळी हात पसरून. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचं बर्फ वितळून ध्रुवांजवळचं वस्तुमान विषुववृत्ताकडे सरकतंय, म्हणजे अक्षापासून दूर. मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार हे वितळणं नसतं तर ऋण लीप सेकंदाची वेळ 2026 मध्येच आली असती. वितळण्यामुळे ती 2029 पर्यंत पुढे ढकलली गेली. तरीही ती 2035 च्या अलीकडेच पडते, आणि 1972 चा नियम तोवर लागू आहे.