गिझर दुकानात आणण्याआधी पाटीवरचे आकडे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक गिझरमध्ये बिघाड नसतोच. बिघाड असतो भिंतीतल्या सॉकेटमध्ये, नाहीतर घरापर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये. गिझर भिंतीवरून उतरवायचा, रिक्षात घालून आणायचा, आम्ही लावून दाखवला की पाणी छान तापतं, मग तोच परत न्यायचा. हा हेलपाटा वाचावा म्हणून हे पत्रक. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

गिझरच्या अंगावर एक पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट असं काहीतरी छापलेलं दिसेल. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. शाळेच्या पुस्तकात त्याला विभवांतर म्हणतात. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा करंट. वॅट म्हणजे ती वस्तू किती जोरात वीज खाते ते. आणि ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, अर्थात रोध. हा हिशेब जर्मनीतल्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली छापून प्रसिद्ध केला, म्हणून एककाला त्यांचं नाव.

व्होल्ट × अँपिअर = वॅट
व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम

आता आपला गिझर घ्या. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. साध्या पिनचा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. म्हणजे २००० वॅटचा गिझर त्यावर लावायचाच नाही, त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. जाड पिन बारीक सॉकेटात बसवणारे अडॅप्टर बाजारात मिळतात. आम्ही ते विकत नाही, मागितले तरी देत नाही.

एलिमेंटचा, म्हणजे आतल्या पाणी तापवणाऱ्या कॉइलचा, रोध काढू: २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दाब कमी-जास्त झाला तरी एलिमेंट तेच राहतं. मळ्यातल्या वस्तीवर संध्याकाळी दाब १८० वर आला, तर करंट १८० भागिले २६.४, म्हणजे ६.८ अँपिअर. वॅट किती? १८० गुणिले ६.८, जेमतेम सव्वाबाराशे. दाब पाव भागापेक्षाही कमी घटला, पण ताकद तब्बल चाळीस टक्के गेली, कारण दाबाबरोबर करंटही उतरतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी १८ मिनिटं लागतात, तिथे अर्धा तास लागेल. "गिझर म्हातारा झाला" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा हीच. बिलात मात्र फारसा फरक पडत नाही. तेवढं पाणी तापायला दोन्ही वेळा ०.६ युनिटच लागतं.

सॉकेटकडे नीट बघा. प्लग ढिला बसतो, आत पितळ काळं पडलंय, पिनेभोवतीचं प्लॅस्टिक पिवळट होऊन फुगलंय, हे सगळं आम्ही रोज पाहतो. समजा अशा ढिल्या सांध्यात फक्त अर्धा ओहम रोध आला. करंट आता ८.६ अँपिअर. सांध्यावर पडणारा दाब ०.५ × ८.६, म्हणजे ४.३ व्होल्ट. तिथे जळणारी वीज ४.३ × ८.६, म्हणजे ३७ वॅट. आमच्या टेबलावरची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे आणि ती शिसं-कथील वितळवते. तुमच्या बाथरूमबाहेरच्या प्लगमध्ये त्याहून मोठी इस्त्री चालू आहे असं समजा. एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, याला पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय. म्हणून आंघोळीनंतर गिझर बंद करा आणि प्लगला बाहेरून हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलून भागत नाही, जळकी पिन नवा सॉकेटही खराब करते.

घरी मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) असेल तर एलिमेंट तपासता येतं, पण आधी प्लग काढून. चालू लाइनवर ओहम मोजायला जाऊ नका. २००० वॅटच्या एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये २६ च्या आसपास आकडा आला तर एलिमेंट ठीक. काहीच आलं नाही तर ते तुटलंय. एक टोक आणि गिझरची बॉडी यांच्यामध्ये काहीशे किंवा काही हजार ओहम दिसले, तर गिझर लगेच बंद ठेवा. तो शॉक देणार. इथे काही दिसलं नाही म्हणूनही निर्धास्त होऊ नका, ती खात्री आम्ही मेगर, म्हणजे मोठा दाब देऊन गळती तपासणारं मीटर, लावून करतो.

दोन ठिकाणी हे गणित फसतं. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब हिशेबाने ५२९ ओहमचा, पण थंड असताना मीटर ४० च्या आसपास दाखवतो. मीटर बिघडलेला नाही, तापल्यावर बल्बच्या तारेचा रोध वाढतो. गिझरच्या एलिमेंटमध्ये हा फरक अगदी थोडा असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे मोटर. तिच्या वाइंडिंगचे (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचे) ओहम मोजून करंट काढायला जाल तर भलताच मोठा आकडा येईल, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते. शिवाय दाब उतरला की हीटर कमी करंट घेतो, तर तेवढाच लोड ओढणारी मोटर जास्त. विहिरीवरचे पंप कमी दाबाला जळतात ते यामुळे. मोटरसाठी क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) लावून पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघणं हाच मार्ग.

दुकानात येताना गिझर नको, पाटीचा फोटो आणि सॉकेटचा फोटो आणा. पाटी पुसली गेली असेल तर एलिमेंटचे ओहम सांगा, ५२,९०० ला (म्हणजे २३० × २३०) त्याने भागलं की वॅट निघतात. परवा एकांनी फोनवर ३५ सांगितले, तो १५०० वॅटचा रॉड निघाला.