पावसाळ्यात नायलॉनचं बुश शाफ्ट का धरतं?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत गनमेटल या तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूऐवजी नायलॉनचं बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला (दांड्याला) आधार देणारी नळी, बसवणं आता नवीन राहिलेलं नाही. वजन जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, आवाज कमी, तेल संपलं तरी काही काळ निभावतं. चूक होते ती ड्रॉइंगवर. मटेरियलचा रकाना बदलतो, मापं तीच राहतात. मग मे महिन्यात हाताने फिरणारा शाफ्ट ऑगस्टमध्ये जाम होतो. मशीनवरची लिंबू-मिरची बदलली जाते, भोक मोजायचं बोअर गेज मात्र कपाटातच.

नायलॉन पाणी पितं. त्याच्या लांबलचक साखळ्यांवर ठरावीक अंतराने अमाइड नावाचे अणूंचे गट असतात आणि शेजारच्या साखळ्यांतले गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. नायलॉनचा कणखरपणा बराचसा यातूनच येतो. पण असे बंध पाण्याच्या रेणूलाही जोडता येतात. तो मध्ये घुसतो, साखळ्या लांब सरकतात, तुकडा फुगतो आणि थोडा मऊही पडतो. नायलॉन 6 बुडवून ठेवलं तर वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी घेतं. 50 टक्के आर्द्रतेच्या नुसत्या हवेतूनही अडीच-तीन टक्के. जाड भिंतीत पाणी मुरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून तक्रार पहिल्या सरीला येत नाही.

फुगल्यावर भोक लहान होतं, असा सर्रास समज आहे. सुटं बुश फुगलं तर भोकही मोठं होतं! 50 मिमी बाहेरचा व्यास आणि 40 मिमी बोअर (आतलं भोक) घ्या. प्रत्येक मापात 0.6 टक्के वाढ धरली तर सुट्या बुशचे व्यास 50.30 आणि 40.24 होतील. पण हाउसिंग, म्हणजे बुश ज्यात ठोकून बसवतात तो भाग, लोखंडाचं आहे, ते बाहेरचा व्यास 50 च्या पुढे जाऊ देत नाही. अडलेला माल आत सरकतो आणि बोअर साधारण 39.9 वर येतो. गनमेटलच्या सवयीने 0.05 मिमी क्लिअरन्स (शाफ्ट आणि बोअरमधली मोकळी जागा) ठेवला असेल, तर तो केव्हाच संपलेला असतो. त्यात नायलॉन उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या दीड-दोनशे पट मंद. घासून तापलं की आणखी फुगतं, आणखी घासतं.

म्हणून 40 च्या शाफ्टला, बुश ठोकून बसवल्यानंतर मोजलेला क्लिअरन्स 0.16 ते 0.20 मिमी हवा. भिंत पातळ ठेवा, म्हणजे फुगायला मालच कमी. बुशला तिरकी चीर दिली तर वाढ चिरेत जिरते. कायम ओलं राहणाऱ्या जागी सरळ ॲसिटल हे दुसरं प्लास्टिक वापरा. ते बुडवून ठेवलं तरी जेमतेम एक टक्का पाणी घेतं.

‘स्टीलपेक्षा मजबूत’ ही जाहिरात मात्र सोडून द्या. कोरड्या नायलॉनची ताणशक्ती 80 मेगापास्कलच्या आसपास, साध्या माइल्ड स्टीलची 400.

द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ॲसिटलचीही एक अडचण आहे: धुण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्याच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभाग पांढरट पडून तडकतो. तिथल्या कन्व्हेयरच्या गाइडपट्ट्यांना यूएचएमडब्ल्यू (अतिशय लांब साखळ्यांचं) पॉलिथिलीन बरं. ते पाणी जवळजवळ घेतच नाही. फक्त भार हलका हवा आणि तापमान 80 अंशांच्या आत.